हेवी मेटल, तारपा आणि वनकायदा

वसाहतवादाच्या वारशाला संगीताने केलेल्या प्रतिकाराचा विचार करताना अभ्यासक बहुधा गीतांच्या शब्दांपासून आरंभ करतात. गीतात कोणाविरुद्ध काय म्हटले आहे, हे पाहणे सोयीचे असते. परंतु वाद्य कशाचे घडले आहे आणि ती सामग्री कोणाच्या परवानगीने मिळते, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पालघर जिल्ह्यातील वारल्यांचा तारपा हेवी मेटलच्या शेजारी ठेवून पाहिला असता हा प्रश्न स्पष्ट होतो. ही जोडी प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल, हे मान्य आहे.

हेवी मेटलचा उगम इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरी झाला. तेथे १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करी. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. त्याने बोटांना घरी बनविलेली टोपणे लावली, आणि पुढे तारा सैल करून स्वर खाली उतरविले. या संगीताच्या जड, खर्जातील नादामागे अशी एक कारखान्यातील जखम आहे. शब्द ऐकण्यापूर्वीच श्रोत्यास उत्पादनव्यवस्थेची खूण ऐकू येते.

हा नाद पुढे पूर्वीच्या वसाहतींतील तरुणांनी उचलला. ब्राझीलच्या सेपल्टुरा या वाद्यवृंदाने १९९६ च्या ‘रूट्स’मध्ये शावांते आदिवासींना सोबत घेतले. न्यूझीलंडच्या एलियन वेपनरीचे उदाहरण आपल्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. त्यांच्या माओरी भाषेतील ‘राउपाटू’ या गीताचा विषय १८६३ चा न्यूझीलंड सेटलमेंट्स ॲक्ट, म्हणजे माओरींच्या जमिनी जप्त करण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा, हा आहे. एखादा कायदा गाण्याचा विषय व्हावा, ही गोष्ट साधी नव्हे. मुंबईतही २००० पासून डीमॉनिक रेझरेक्शनसारखे वाद्यवृंद उभे राहिले. त्यांचे २०१७ चे ‘दशावतार’ पुराणकथेचा आधार घेते. त्यात स्वत्वाचा शोध आहे, परंतु जमिनीचा प्रश्न तेथे येत नाही.

बर्मिंगहॅमशी साम्य शोधावयाचे तर आपल्याकडे बोईसर-तारापूर आहे. तेथे पोलाद, रसायने व औषधे यांचे कारखाने आहेत; १९६९ मध्ये भारतातील पहिले अणुवीज केंद्रही तारापूर येथेच सुरू झाले. वसाहतकाळाचा वारसा येथे भूसंपादनाच्या रूपाने भेटतो. १८९४ चा भूसंपादन कायदा २०१३ अखेरपर्यंत अमलात होता, आणि केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठली. असे असूनही या जिल्ह्याचे प्रतिकाराचे वाद्य शोधण्यासाठी लोहमार्ग ओलांडून पूर्वेकडील पाड्यांवरच जावे लागते.

तारप्याची रचना पाहावी. वाळलेल्या दुधी भोपळ्यात हवा साठते. त्यास बांबूच्या जिभाळ्या असलेल्या दोन बांबूच्या नळ्या जोडलेल्या असतात. टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा असतो. सांधे मेणाने बुजविलेले असतात. वादक श्वास न तोडता फुंकत राहतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते. चाल बदलली की पाऊल बदलते.

आता १९२७ चा भारतीय वन अधिनियम उघडावा. १८७८ च्या कायद्याचीच ही सुधारलेली आवृत्ती होय. त्यात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत ताडवर्गीय वृक्ष व बांबू दोन्ही घातले होते. जंगलात मिळणारे मध व मेण ‘वनोपज’ ठरले. ताडावर तर १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याचीही नजर होती. म्हणजे तारप्याच्या सामग्रीपैकी परसातला भोपळा तेवढा निर्वेध राहिला! बांबू ‘झाड’ नव्हे, हे केंद्र सरकारला २०१७ मध्ये मान्य झाले. तरी जंगलातील बांबू वनोपज म्हणून कायद्याच्या कक्षेतच राहिला.

तारपा हे निषेधाचे वाद्य म्हणून जन्मले नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तो भाताच्या नव्या पिकाच्या दिवसांत वाजतो. परंतु गवत कापणीचा हंगामही तोच. १९४५ मध्ये शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली आणि पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मागितली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. पाच वारली मृत्युमुखी पडले. जमीनदाराच्या वेठीत गेलेल्या दिवसानंतर रात्री तारप्याभोवती फेर धरणे म्हणजे आपल्या देहावरील व वेळेवरील हक्क पुन्हा हाती घेणेच होते, असा अर्थ लावल्यास तो अतिव्याप्त ठरू नये.

प्रतिकाराचा विषय आणि प्रतिकाराची अट यांत भेद करावा लागतो तो याच कारणाने. ‘राउपाटू’मध्ये कायदा हा विषय आहे, तारप्यात तो वाद्य घडण्याच्या आड येणारी अट आहे. हेवी मेटलचे गिटार बाजारात मिळते. तारपा जंगलात प्रवेश असल्याखेरीज बनत नाही. सरकारी महोत्सवाच्या रंगमंचावर तारप्यास टाळ्या मिळतात, तेव्हा त्याच्या नळीतील बांबू कोठून आला असे कोणी विचारीत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू, मध व मेण यांचा ‘गौण वनोपजा’त समावेश करून त्यांवरील मालकी वननिवासींना दिली. संगीताच्या अभ्यासकास हा कायदा वाद्यशास्त्राच्या ग्रंथाइतकाच जवळचा वाटला पाहिजे.

आपल्या विभागातील विद्यार्थी तारप्याच्या चालींचे ध्वनिमुद्रण करण्यास जातात. त्यांनी चालीचे नाव व प्रसंग यांबरोबरच बांबू कोणत्या जंगलातला, तो कोणी तोडला, पास घ्यावा लागला काय, आणि त्या गावास सामूहिक वनहक्क मिळाले आहेत काय, याचीही नोंद करावी.