स्क्रममध्ये कणा कोण सावरतं?

रग्बीच्या स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ खेळाडू वाकून एकमेकांना रेटतात. पायांतला जोर खांद्यांपर्यंत पोचतो तो कण्यातूनच. मग कणा डगमगत का नाही?

मणक्यांना लगटून मल्टिफिडस नावाचे खोलवरचे स्नायू असतात. मांडवाच्या खांबाला ताणून बांधलेल्या दोऱ्यांसारखे ते मणके जागच्या जागी धरतात. कंबर दुखावली की हे स्नायू रोडावतात आणि दुखणं थांबलं तरी आपोआप भरून येतीलच असं नाही. अशा कमजोर आधारावर पुन्हा रेटा आला, की दुखापतीचा धोका वाढू शकतो. सोनोग्राफीत त्यांची जाडी दिसते. हलक्या, नेमक्या व्यायामाने ती परत मिळवता येते.

२०१३मध्ये भिडण्याआधीच पुढच्या फळीने समोरच्याला पकडायचं, असा नियम आला आणि धडकेचा जोर घटला. पण दुखणं थांबलं म्हणून खेळाडूला लगेच स्क्रममध्ये उतरवू नये. आधी स्नायू तपासावेत.