ओपीडीनंतरचे तीस दिवस

कोलकात्याच्या सियालदह स्टेशनाबाहेर पडून आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्याला लागलं की नीलरतन सरकार रुग्णालय येतं. इथल्या बोलण्यात फक्त ‘एनआरएस’. कॅनिंग, लक्ष्मीकांतपूर, बनगावकडच्या लोकलमधून माणसं उतरतात, हातात जुन्या रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी. चिठ्ठी, रांग, डॉक्टर, औषधाची खिडकी आणि परतीची गाडी. 67 देशांतल्या आकडेवारीचा एक आढावा 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात प्राथमिक उपचारांसाठी आलेल्या रुग्णाला डॉक्टर सरासरी जेमतेम दोन मिनिटं देऊ शकतो. मोठ्या सरकारी रुग्णालयातली गर्दी पाहता इथे तो आकडा फार वाढत असेल असं वाटत नाही. दोन मिनिटांत रिपोर्ट पाहून गोळी बदलता येते. रात्री किती भात होतो, इन्शुलिन ठेवायला घरात फ्रिज आहे का, मागच्या महिन्याच्या गोळ्या मधेच का थांबल्या, हे विचारायचं राहून जातं. आणि मधुमेह नेमका तिथेच बिघडतो.

ही राहिलेली विचारपूस म्हणजेच ‘लाइफ कोचिंग’चा उपयोगी भाग, असं माझं म्हणणं आहे. तिचा फायदा भारतात मोजलेला आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 जणांवर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने केलेला अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावर असलेल्यांपैकी तीन वर्षांत 55 टक्क्यांना मधुमेह झाला. आहार-व्यायामासाठी सतत पाठपुरावा केलेल्यांत हे प्रमाण 39.3 टक्के होतं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत 40.5. म्हणजे विचारपूस गोळीच्या तोडीस तोड ठरली. पण दोन्ही एकत्र दिल्यावर आकडा 39.5च राहिला, आणि ‘औषधाला कोचिंगची जोड द्या, दुप्पट फायदा’ असं सांगणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. शिवाय ही माणसं अजून मधुमेही नव्हती, हेही खरं. तरी याच गटाने पुढे 537 पुरुषांवर केलेला प्रयोग मला अधिक बोलका वाटतो: मोबाइलवर नियमित संदेश मिळालेल्यांपैकी 18 टक्क्यांना दोन वर्षांत मधुमेह झाला, न मिळालेल्यांपैकी 27 टक्क्यांना. तिथे कोणी करिश्मेवाला गुरू नव्हता. मग फायदा कशाचा? माझ्या मते चिकाटीने पुन्हा पुन्हा आठवण करण्याचा.

म्हणूनच ‘लाइफ कोच’ या धंद्याविषयीची शंका रास्त आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. लाइफ कोचची पाटी उद्या कुणीही लावू शकतो. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींवर 1954च्या कायद्याने बंदी आहे, तरी ‘मन बदला, साखर बदलेल’ छापाची भाषा पळवाटा शोधतेच. त्याहून गंभीर आक्षेप असा, की कोचिंग गरिबाच्या माथी दोष मारतं: तुझी इच्छाशक्ती कमी पडली. ज्याची मजुरी बुडते म्हणून ओपीडी चुकते, त्याला ध्येयनिश्चितीचा तक्ता देणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. याचं उत्तर क्षयरोग कार्यक्रमात सापडतं. तिथे किमान सहा महिन्यांच्या औषधांसाठी ‘ट्रीटमेंट सपोर्टर’ असतो, आणि 2018पासून पोषणासाठी महिना 500 रुपये मिळू लागले. नोव्हेंबर 2024पासून ते 1,000 झाले. आठवण करणारा माणूस आणि ताटात घालायचे पैसे, दोन्ही एकाच कार्यक्रमात. अंमलबजावणीत कुरबुरी आहेत, पण रोगाला निव्वळ मनोबलाचा प्रश्न मानलेलं नाही.

मधुमेह, रक्तदाबाच्या रुग्णांसाठी असं कुणी नेमायचं तर जागा औषधाच्या खिडकीशेजारी हवी, कारण गाडी गाठायच्या घाईतला रुग्ण दुसऱ्या मजल्यावरच्या समुपदेशन कक्षात जाणार नाही. बंगाली येणारी, भाताचं माप ठाऊक असलेली, पगारी व्यक्ती. आणि तिचा फोन पुढच्या ओपीडीपर्यंतच्या तीस दिवसांत दोनदा तरी जायला हवा. तिने डोस बदलायचा नाही. घाम सुटून हात थरथरतात, छातीत दुखतं, पायाची जखम काळी पडते आहे, असं ऐकलं की पुढचा सल्ला थांबवून रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं, हे तिच्या प्रशिक्षणातलं पहिलं पान असावं.