माशाच्या कानातलं बेरियम-१३७

भिवंडीत आमच्या शेजारच्या मावशींना डॉक्टरांनी पोटाचा बेरियम एक्स-रे सांगितला. मावशींनी दारातच विचारलं, "ते पांढरं पाणी प्यायलं की अंगात किरणं राहतात म्हणे?"

नाही राहत. किरणं यंत्रातून येतात, यंत्र बंद झालं की संपतात. बेरियम सल्फेट ती फक्त अडवतं, म्हणून जठर फोटोत उमटतं. विषाची शंका आली तर ती मात्र रास्त आहे: बेरियमचे विरघळणारे क्षार विषारीच. सल्फेट जवळजवळ विरघळत नाही, ते शौचावाटे निघून जातं.

बेरियम-१३७ म्हटलं की लोकांना धास्ती वाटते ती १३७ या आकड्याची, कारण तो चेर्नोबिलच्या सिझियम-१३७ मुळे कानावर पडलेला असतो. आकडा म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनची बेरीज, एवढंच. सिझियमचे ५५ आणि ८२, बेरियमचे ५६ आणि ८१. सिझियमच्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला की बेरियम तयार होतं. बहुतेक वेळा ते आधी उत्तेजित असतं आणि काही मिनिटांत गॅमा किरण सोडून शांत होतं. म्हणजे ज्याला आपण सिझियमचा गॅमा म्हणतो, तो खरं तर बेरियम सोडतं! ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुकचऱ्यातून सिझियम वेगळं काढून काचेच्या कांड्या बनवल्या. रक्तपेढीतल्या रक्तावर प्रक्रिया करायला हाच गॅमा कामी येतो. गॅमा सोडल्यावर उरलेलं बेरियम-१३७ कायमचं स्थिर. निसर्गातल्या बेरियममध्येही ते सुमारे ११ टक्के असतंच.

समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचा वेगळ्या न्यूट्रॉनसंख्येचा प्रकार) म्हटलं की किरणोत्सर्ग, ही समजूत तर पार चुकीची. बेरियम-१३७ चा उपयोग होतो तोच ते किरणं सोडत नाही म्हणून.

हा उपयोग माशांत दिसतो. घोळ माशाचं डोकं फोडलं की दोन पांढरे, टणक खडे हाती लागतात. ते माशाच्या कानातले. खडा थरावर थर चढत वाढतो आणि त्यात कॅल्शियमच्या जागी थोडं बेरियम बसतं. पापुआ न्यू गिनीच्या किंबे बेटाजवळ संशोधकांनी प्रवाळावरच्या माशांच्या माद्यांना बेरियम-१३७ चं प्रमाण वाढवलेलं द्रावण टोचलं. ते अंड्यांतून पिल्लांच्या खड्याच्या गाभ्यात उतरलं. समुद्रातल्या बेरियममधलं १३७ चं प्रमाण ठरलेलं असतं, त्यामुळे गाभ्यात ते जास्त आढळलं की आई कुठली ते कळतं. खूण झिजत नाही, माशाला किरणांचा धोका नाही.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रवाळावर वस्तीला आलेल्या पिल्लांपैकी सुमारे ६० टक्के तिथल्याच माद्यांची निघाली. अभ्यासातल्या एका जातीची पिल्लं महिनाभराहून अधिक काळ खुल्या समुद्रात वाहत राहतात, आणि तरीही ती माघारी आली होती.