माती खाण्याची खोड आणि मूत्रपिंड

"डोहाळेच ते, खाऊ दे!" गरोदर सून पाटीवरची पेन्सिल किंवा भाजकी माती खाताना दिसली, की सांगोल्यात हेच ऐकू येते. मूल भिंतीचे पोपडे खाते, तेव्हा जंतांवर बोट ठेवले जाते. जंत असतातही, पण मुळाशी पुष्कळदा रक्तातील लोहाची कमतरता असते.

काहींना मात्र डांबरगोळीची चटक लागते आणि ती लाजेने लपवली जाते. गोळी नॅफ्थलीनची असेल तर साधारण १ ते ३ दिवसांत रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागतात. त्यांतून सुटलेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत अडकते आणि धडधाकट माणसाचे मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते. जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असणाऱ्यांना धोका अधिक.

लघवी काळ्या चहासारखी किंवा कमी झाली, डोळे पिवळे पडले, धाप लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. काविळीच्या झाडपाल्यात वेळ दवडू नये. काय खाल्ले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. वेळेत उपचार झाल्यास मूत्रपिंड बहुधा पूर्ववत काम करू लागते.

माती खाणाऱ्यावर रागावू नका, त्याचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर मातीची ओढ आपोआप गेल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.