मुलांची प्रतिकारशक्ती घडते कशी?

दिवाळी सरली की खानदेशातल्या हवेचा नूर पालटतो. दुपारी ऊन चटके देतं आणि पहाटे सातपुड्याकडून येणारा वारा अंग गारठवतो. जळगाव-धुळ्यातल्या बालरोगतज्ज्ञांकडे नाक गळणारी, खोकणारी लेकरं घेऊन आया रांगेत बसलेल्या दिसतात. तपासून झालं, औषध लिहून झालं की एक विनंती हमखास येते : ‘डॉक्टर, हा सारखा आजारी पडतो. याची प्रतिकारशक्ती वाढेल असं काही द्या ना.’

या विनंतीमागची काळजी खरी आहे, म्हणून तिला नेमकं उत्तर मिळायला हवं.

आईच्या रक्तातून मिळालेली प्रतिपिंडं सोबत घेऊनच बाळ जन्माला येतं. पहिल्या काही महिन्यांत ती ओसरत जातात आणि मग बाळाच्या शरीराला आपला बचाव स्वतः उभारावा लागतो. एकेका जंतूशी गाठ पडते, पांढऱ्या पेशी त्याला ओळखायला शिकतात आणि ती ओळख जपून ठेवतात. अडचण अशी, की सर्दीच्या विषाणूंचे प्रकार फार. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत. त्यामुळे अंगणवाडीत जाऊ लागलेल्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला झाला, तरी त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे असं होत नाही. मधल्या काळात ते खेळत असेल, जेवत असेल, वजन वाढत असेल, तर त्याच्या प्रतिकारशक्तीचं शिक्षण सुरळीत चालू आहे. सर्दीचा दोष केळ्यावर ढकलण्यातही अर्थ नाही. सर्दी विषाणूमुळे होते. ज्या जळगाव जिल्ह्याच्या केळ्यांना भौगोलिक मानांकन आहे, तिथल्या मुलांना हिवाळाभर केळ्यापासून दूर ठेवण्याचं कारण नाही.

मग प्रतिकारशक्ती वाढवणारी औषधं खोटीच का? सरसकट तसं म्हणता येणार नाही. त्यातल्या एका गटाचा बराच अभ्यास झाला आहे. श्वसनमार्गात आजार करणारे जिवाणू मारून, फोडून त्यांचे अंश पोटातून द्यायचे, ही ती कल्पना. ‘ओएम-८५’ या औषधात आठ जातींच्या जिवाणूंचे २१ वाण असतात. ते आतड्याच्या अस्तरातल्या रोगप्रतिकारक पेशींना चेतवतं आणि तिथे जाग्या झालेल्या पेशी नाक, घसा, श्वासनलिकांच्या ओलसर अस्तरापर्यंत पोहोचतात. वारंवार आजारी पडणाऱ्या मुलांवर झालेल्या चाचण्या एकत्र तपासून कॉक्रेन या संस्थेने २००६मध्ये निष्कर्ष मांडला : अशा प्रतिकार-उत्तेजक औषधांनी श्वसनसंसर्ग सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. मात्र त्यातल्या बऱ्याच चाचण्यांचा दर्जा सुमार होता, हेही तिने तिथेच नोंदवलं. २०१९मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने पुराव्यांची पुन्हा छाननी केली. जिवाणू-अंशांची ही औषधं फक्त वारंवार होणाऱ्या संसर्गांच्या प्रतिबंधासाठी वापरावीत, चालू आजार बरा करायला किंवा न्यूमोनिया टाळायला वापरू नयेत, असं तिने सांगितलं. म्हणजे काही निवडक मुलांना, डॉक्टरांच्या सल्ल्याने, मर्यादित उपयोग. दुकानातून परस्पर आणायचं हे टॉनिक नाही.

जीवनसत्त्वांची गोष्टही अशीच मोजूनमापून सांगावी लागते. काबूलमध्ये तीन हजारांवर बाळांना दर तीन महिन्यांनी ड जीवनसत्त्वाचा मोठा डोस देऊन पाहिला. २०१२मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार न्यूमोनिया त्याने कमी झाला नाही. जस्त नियमित दिल्याने न्यूमोनियाचं प्रमाण थोडं घटतं, पण तो फायदा मुख्यतः आहारात जस्ताची उणीव असलेल्या मुलांत दिसला. उणीव भरून काढल्याने लाभ होतो. भरलेल्या पोटी आणखी ओतल्याने नाही.

पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशनाची शिबिरं आता तालुक्याच्या गावांतही भरतात. त्याने श्वसनसंसर्ग टळतात हे ठामपणे म्हणता येईल, अशा मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्यांचा आधार त्याला अजून नाही. एक धोका मात्र पक्का ठाऊक आहे. त्यात मध असतो, आणि मधातून क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजू शकतात. त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. म्हणून एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, गुटीतूनही नाही.

बाळाच्या शरीराला जंतूची ओळख करून देणारा, सर्वाधिक पारखलेला उपाय उपकेंद्रात फुकट मिळतो. तो म्हणजे लस. आजाराची किंमत न मोजता ती शरीराला नेमक्या शत्रूची ओळख पटवते. पेंटाव्हॅलंट लशीतून डांग्या खोकला, घटसर्प आणि हिब जिवाणू यांच्यापासून संरक्षण मिळतं. न्यूमोकोकस हा मुलांच्या गंभीर न्यूमोनियामागचा मोठा जिवाणू. त्याची लस महागडी असल्याने बरीच वर्षं खासगी दवाखान्यांपुरतीच होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२०मध्ये देशी लस आणली आणि २०२१मध्ये महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात न्यूमोकोकल लशीचा समावेश झाला. तिचे डोस सहाव्या आठवड्याला, चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्यात.

नवव्या महिन्यातच गोवर-रुबेलाचाही पहिला डोस असतो. अंगावर पुरळ येणारा एक आजार टाळणं, एवढंच त्याचं काम नाही. गोवराचा विषाणू प्रतिकारशक्तीची साठवलेली स्मृती राखणाऱ्या पेशींवरच घाला घालतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवरापूर्वी आणि नंतर तपासलं, तेव्हा इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाल्याचं २०१९मध्ये दिसून आलं. आधीची दुखणी सोसून कमावलेलं संरक्षण असं पुसलं जातं आणि मूल न्यूमोनियाला नव्याने बळी पडू शकतं. २०२२मध्ये मुंबईच्या गोवंडीत आणि धुळ्यापासून तासाभरावरच्या मालेगावात गोवराची साथ आली, ती लसीकरणातल्या खिंडारांतूनच. प्रतिकारशक्ती वाढवण्याआधी, आहे ती गमावू न देणं महत्त्वाचं.

उरलेलं काम घरात होतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. त्यातली प्रतिपिंडं बाळाच्या घशाच्या आणि आतड्याच्या अस्तराला संरक्षण देतात. पुढे वरण, अंडी, शेंगदाणे, कळण्याची भाकरी, केळी, हिरव्या भाज्या. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस. सातपुड्यातल्या पाड्यांवर अनेक मुलांना दोन वेळचं पुरेसं जेवण हेच मोठं औषध आहे, कारण कुपोषित मुलाला झालेला न्यूमोनिया लवकर जीवघेणा होतो. चुलीत पऱ्हाट्या जळत असताना बाळाला तिथून दूर ठेवावं, धुरी देऊ नये, घरात विडी ओढू नये. भारतासह (इथे तमिळनाडूत) चार देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीत घरात नुसता स्वयंपाकाचा गॅस दिल्याने बाळांचा गंभीर न्यूमोनिया कमी झाला नाही, हे २०२४मध्ये जाहीर झालं. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा नाही. एकट्या उपायावर विसंबून भागत नाही, असा आहे.

इतकं करूनही एखाद्या मुलाला न्यूमोनिया होईल. तेव्हा तो वेळेत ओळखता आला पाहिजे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या कार्यकर्त्यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, हे काम झालेल्या गावांतले न्यूमोनियाचे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी कमी होते. श्वास मोजण्याचं ते गणित प्रत्येक आईबापाला यायला हवं. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा त्याहून जास्त, एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले, तर वाफ आणि तेल-ओवा करत घरी थांबू नका. पोट उडत असेल, छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध पीत नसेल, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

प्रतिकारशक्तीची बाटली विकत घेण्यापूर्वी आज घरातलं लसीकरणाचं कार्ड काढा. एखादी तारीख चुकली असेल, तर आशाताईंना विचारा आणि राहिलेला डोस येत्या लसीकरणाच्या दिवशीच देऊन घ्या.