काटेरी रान आणि जेर्डनचा धाविक

चामोर्शी तालुक्यातून वाहणारी वैनगंगा पुढे वर्धा नदीला मिळते आणि या जोडप्रवाहाला प्राणहिता हे नाव पडते. हीच प्राणहिता दक्षिणेस सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. गडचिरोली जिल्हा म्हटला की आपल्याला साग आणि बांबू आठवतात. पण जेथे माती उथळ व मुरमाड असते आणि पाणी टिकत नाही, तेथे उंच वृक्ष वाढत नाहीत. तेथे बोर, करवंद, हिवर अशी काटेरी झाडेझुडपे विखुरलेली दिसतात. अशा रानाला आपण सहज ‘पडीक’ म्हणून मोकळे होतो. ते खरोखर पडीक असते काय? एका पक्ष्याची हकिकत पाहू.

दोन पट्ट्यांचा पक्षी

टॉमस जेर्डन या इंग्रज शल्यवैद्याला पूर्व घाटाच्या परिसरात एक अनोळखी पक्षी मिळाला. १८४८ साली एडवर्ड ब्लाइथ यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले. आज तो ‘जेर्डनचा धाविक’ म्हणून ओळखला जातो. त्याची लांबी सुमारे २७ सेंटिमीटर. छातीवर दोन तपकिरी पट्टे, मोठे डोळे आणि धावण्यास योग्य असे लांब पाय. हा पक्षी निशाचर आहे. तो रात्री जमिनीवर फिरून वाळवी, मुंग्या असे कीटक टिपतो. भारताबाहेर तो कोठेही आढळत नाही. तेलुगू भाषेत त्याला ‘कलिवी कोडी’ म्हणतात. कलिवी म्हणजे करवंदाच्या जातीचे काटेरी झुडूप आणि कोडी म्हणजे कोंबडी. म्हणजे लोकांनी पक्ष्याचे नावच त्याच्या घरावरून ठेवले!

एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिक विल्यम ब्लॅन्फर्ड यांनी सिरोंचा व भद्राचलम या भागात, गोदावरीच्या खोऱ्यात, या पक्ष्याची नोंद केली. पण १९०० नंतर तो कोणाला दिसल्याची खात्रीची नोंद होईना. तो नामशेष झाला असावा, असे मानले जाऊ लागले. अखेर जानेवारी १९८६ मध्ये ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे भरत भूषण यांच्या शोधमोहिमेला यश आले. आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात एका स्थानिक माणसाला हा पक्षी सापडला.

झुडपे किती हवीत?

पक्षी सापडला, पण तो वाचवायचा कसा? रात्री हिंडणारा आणि चाहूल लागताच झुडपाआड होणारा पक्षी मोजणार तरी कसा? पी. जगन्नाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती केली. रानात ठिकठिकाणी बारीक मातीचे अरुंद पट्टे तयार केले. रात्री पक्षी त्यावरून गेला की पायांचे ठसे उमटत आणि ते नंतर तपासता येत. जोडीला आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरेही लावले.

या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. दर हेक्टरी २ मीटरपेक्षा उंच झुडपे ३०० ते ७०० आणि त्याहून लहान झुडपे १,००० पेक्षा कमी असतील, तेथे हा पक्षी आढळण्याची शक्यता सर्वांत जास्त होती. याचा अर्थ काय? आडोशासाठी झुडपे हवीत आणि धावण्यासाठी, भक्ष्य टिपण्यासाठी मधली जमीन मोकळी हवी. सरपणासाठी बेसुमार तोड झाली किंवा गुरे फार झाली, तर आडोसा जातो. उलट चराई व तोड पूर्ण थांबली, तर झुडपे दाटून मोकळी जागा बुजू शकते. ‘उजाड’ समजून तेथे दाट वृक्षलागवड केली, तरीही त्याचे घर मोडते.

दुसरा धोका विकासकामांचा. कडप्पाजवळ या पक्ष्यासाठी श्रीलंकामल्लेश्वर अभयारण्य स्थापन झाले आहे. परंतु २००५ मध्ये तेलुगू गंगा कालव्याच्या खोदकामाची यंत्रे या अधिवासात शिरली. पक्षी-अभ्यासकांनी आवाज उठवला व पुढे कालव्याचा मार्ग बदलण्यात आला. शेतीला पाणी हवेच. पण मार्ग आखण्यापूर्वी जमिनीवर कोण राहते, हे पाहिले असते तर?

आपल्याकडचे ‘झुडपी जंगल’

पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर ‘झुडपी जंगल’ असा जमिनीचा एक प्रकारच आहे. ही जमीन वन मानायची की नाही, हा वाद अनेक वर्षे चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीन मानावी, असा निर्णय दिला. अशा सर्वच जमिनी जेर्डनच्या धाविकास योग्य आहेत असे नाही. पण कोणत्या रानात काय जगते, हे मोजल्यावाचून कळत नाही.

हे मोजमाप तुम्हालाही करता येईल. शिक्षकांसोबत जवळच्या झुडपी रानात १० मीटर लांब व १० मीटर रुंद असा चौरस दोरीने आखा. हा हेक्टरचा शंभरावा भाग झाला. त्यातील २ मीटरपेक्षा उंच झुडपे वेगळी मोजा, लहान वेगळी मोजा. प्रत्येक संख्येला १०० ने गुणा. कडप्पाच्या रानाच्या हिशेबाने अशा चौरसात ३ ते ७ उंच झुडपे व १० पेक्षा कमी लहान झुडपे असायला हवीत. एका चौरसावरून अनुमान काढू नका. निदान दहा चौरस मोजून सरासरी काढा. झुडपांची नावे, पक्षी, वारुळे, मातीतले ठसे हेही वहीत टिपा. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजा. दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडले की तुमचे रान विरळ होत आहे की दाट, ते तुम्हीच सांगू शकाल.