विश्वकोशातील नोंद आणि स्वतंत्र पुरावा

एखाद्या कंपनीची नोंद ऑनलाइन विश्वकोशात असावी की नसावी, हा प्रश्न वरवर पाहता तिच्या मोठेपणाचा वाटतो. परंतु विकिपीडियासारख्या खुल्या विश्वकोशात तो मुख्यतः पुराव्याचा असतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर या निकषाला ‘उल्लेखनीयता’ म्हणतात. ज्या विषयावर, त्याच्याशी हितसंबंध नसलेल्या विश्वासार्ह लेखकांनी आपणहून आणि सविस्तर लिहिले आहे, त्याच विषयाची स्वतंत्र नोंद टिकावी, असे त्यामागचे सूत्र आहे.

कार शेअरिंग, म्हणजे सभासदाने मोबाइलवर गाडी ठरवून काही तासांपुरती ती स्वतः चालवण्याची सोय, या व्यवसायावरून हे सूत्र नीट समजते. बारामती-इंदापूरच्या प्रवाशांना माणशी भाडे घेणारे वडाप ठाऊक असते, पण वडापात चालक असतो आणि येथे गिऱ्हाईकच चालक होते, हा मूळ फरक आहे. २००० साली अमेरिकेत सुरू झालेली झिपकार २०१३ मध्ये एव्हिस या भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीने विकत घेतली, आणि त्याच वर्षी बंगळुरात झूमकार सुरू झाली. या दोन्ही कंपन्यांच्या धंद्याची चिकित्सा इतरांनी भरपूर केलेली असल्यामुळे त्यांच्या नोंदीविषयी वाद उरत नाही.

समजा, बारामतीत उद्या अशी एखादी कंपनी उभी राहिली आणि तिच्या शुभारंभाची बातमी चार वृत्तपत्रांत आली. बातम्या चार असल्या तरी चारही ठिकाणी संस्थापकांचे तेच उद्गार आणि गाड्यांची तीच संख्या असेल, तर त्या सर्वांचे मूळ कंपनीच्या एकाच प्रसिद्धिपत्रकात आहे, हे जाणकार संपादक ओळखतो आणि त्यांना स्वतंत्र पुरावा मानत नाही. भांडवल मिळाले, नव्या शहरात शाखा उघडली, पुरस्कार मिळाला, अशा नित्याच्या बातम्यांनाही फारसे वजन नसते. याउलट, एखाद्या पत्रकाराने कंपनीचे हिशेब तपासून, गिऱ्हाइकांशी बोलून आणि परवान्याचे प्रश्न मांडून दीर्घ लेख लिहिला, तर तो लेख टीकेचा असला तरी नोंदीला आधार देतो. इंग्रजी विकिपीडियावर लेख वगळण्याची चर्चा साधारणपणे सात दिवस चालते, आणि तिचा निकाल केवळ मते मोजून लागत नाही, तर अशा आधारांच्या बळावर लागतो. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तो उघड करावा, अशी अटही २०१४ पासून लागू आहे, आणि ती अत्यंत योग्य आहे.

याच परिसरातील वालचंदनगरचे उदाहरण या कसोटीवर सहज उतरते. इंदापूर तालुक्यातील हे गाव साखर कारखान्याभोवती वसले; १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापणाऱ्या वालचंद हिराचंद यांचे चरित्र गं. दे. खानोलकरांनी लिहिले, आणि येथील वालचंदनगर इंडस्ट्रीज इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी मोटर केसिंग, म्हणजे घन इंधन भरण्याचे पोलादी कवच, बनवते. त्या उद्योगावर इतिहासकार, पत्रकार आणि तंत्रज्ञ अशा निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या कारणांनी लिहिले आहे, आणि स्वतंत्र दखल म्हणतात ती हीच.

मात्र या निकषात ग्रामीण भागावर अन्याय होण्याची शक्यता आहे, हे मान्य केले पाहिजे. तालुक्याच्या साप्ताहिकांतील, जिल्हा पुरवण्यांतील आणि संस्थांच्या इतिहासग्रंथांतील मजकूर इंटरनेटवर सापडत नाही, म्हणून तो अस्तित्वातच नाही असे गृहीत धरले जाते. वास्तविक छापील आधारही नियमाने ग्राह्य असतो. म्हणून बारामती-इंदापुरातील ग्रंथपालांनी, शिक्षकांनी आणि जुनी कात्रणे जपणाऱ्या वाचकांनी प्रत्येक कात्रणावर वृत्तपत्राचे नाव, दिनांक आणि पृष्ठक्रमांक आजच लिहून ठेवावा.